वाटाड्याचे नाव

सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ डच आणि आर्मेनियन लोकांचे जुने कबरस्तान आहे. भोवती दाट वस्ती, रस्त्यावर रिक्षांची वर्दळ, आणि आत गेले की एकदम शांत. तिथली सर्वांत मोठी वास्तू ओळखायला कुणाला विचारावे लागत नाही. देखण्या खांबांवर उभा असलेला दुहेरी घुमट, वर-खाली सज्जे. एखाद्या नबाबाचा मकबरा वाटावा असा थाट. खाली निजला आहे हेंड्रिक आद्रियान व्हान ऱ्हेडे, डच ईस्ट इंडिया कंपनीचा बडा अंमलदार. सुरतेच्या वखारीकडे येताना १५ डिसेंबर १६९१ रोजी जहाजावरच त्याचा मृत्यू झाला आणि ३ जानेवारी १६९२ रोजी त्याला इथे पुरले. कंपनीचे असे अंमलदार कितीतरी आले आणि गेले, इतिहासाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. व्हान ऱ्हेडे मात्र एका ग्रंथामुळे राहिला. मलबारच्या झाडाझुडपांवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा तो ग्रंथ, बारा खंडांचा, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेला. सातशेच्या वर वनस्पती, त्यांची पानभर मोठी चित्रे, उपयोग, आणि स्थानिक नावे. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्याचा कर्ता सुरतेच्या मातीत होता. रानफुले त्यांच्या मूळ ठिकाणी दाखवणाऱ्या वनस्पती-सहलींविषयी लिहिताना या कबरीपासून सुरुवात करायचे कारण त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आहे.

त्या खंडात काही दाखले छापले आहेत. एक इट्टी अच्युदन या एळवा वैद्याचा. दुसरा रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचा, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत, १६७५ सालचा. आम्ही या वनस्पती ओळखून दिल्या, त्यांचे गुण सांगितले, असे ही माणसे स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या अक्षरांत लिहून देतात, आणि ते युरोपात जसेच्या तसे छापले जाते. चित्रांवरही वनस्पतींची नावे मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांत आहेत. व्हान ऱ्हेडेला संत ठरवण्याची गरज नाही. कंपनीला औषधे आणि मसाले हवे होते, मलबारातली कोची तिने शस्त्राच्या जोरावर घेतलेली होती, आणि ग्रंथाचा मान अखेर डचांच्या पदरात पडला. तरीही साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका वसाहती अंमलदाराने रान दाखवणाऱ्यांची नावे पहिल्याच खंडात छापली ही गोष्ट आज मला फार मोलाची वाटते. वनस्पती-सहल चांगली की वाईट हे ठरवायला दुसरी कुठलीही फूटपट्टी मला इतकी विश्वासार्ह वाटत नाही. रान कोण दाखवतो, त्याचे नाव घेतले जाते का, आणि त्याच्या हातात काय पडते, एवढे कळले की सहलीची पारख होते. बाकीच्या गोष्टी, फुलांची संख्या, हॉटेल, फोटो, या नंतरच्या.

अशा सहलींचा जगातला सर्वांत नावाजलेला प्रकार म्हणजे रानटी ट्यूलिपच्या सहली. हॉलंडचे फूल म्हणून आपण ओळखतो ते ट्यूलिप मूळचे मध्य आशियातले. तिएनशान आणि पामीर-अलाय या पर्वतरांगांत त्याच्या जितक्या रानजाती आहेत तितक्या दुसरीकडे नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळू लागले की कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तानच्या डोंगरउतारांवर ही फुले येतात, आणि युरोपातून वनस्पतिप्रेमींचे लहान लहान गट, सोबत एक जाणकार घेऊन, तिकडे निघतात. कझाकस्तानातले अक्सू-झाबाग्ली हे १९२६ साली राखलेले अभयारण्य या वाटेवरचे ठरलेले ठिकाण. तिथली दोन सुप्रसिद्ध फुले म्हणजे ट्यूलिपा ग्रेगी आणि ट्यूलिपा काउफमानियाना. पहिल्याला रशियाच्या उद्यानविद्या मंडळाच्या अध्यक्षाचे नाव आहे, दुसऱ्याला मध्य आशियातले तुर्कस्तान जिंकून तिथे बसलेल्या रशियन गव्हर्नर-जनरलचे. दोन्ही नावे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली गेली. ज्या मेंढपाळांच्या कुरणात ही फुले शतकानुशतके उमलत होती, ज्यांनी संग्राहकांना वाट दाखवली असणार, त्यांचे नाव कुठल्याही जातीला नाही. व्हान ऱ्हेडेनंतर दोनशे वर्षांनी विज्ञान पुढे गेले होते, पण या एका बाबतीत मागे आले होते.

सुरतेची मंडळी ट्यूलिप पाहायला जातात ती श्रीनगरला. झबरवान टेकडीच्या पायथ्याशी, दल सरोवरावर नजर टाकत पसरलेली तिथली बाग २००७ साली लोकांना खुली झाली, आणि वसंतात तिथे लाखो फुलांचे पट्टे आखल्यासारखे उमलतात. बाग सुंदर आहे यात वाद नाही. पण ते कंद माणसाने लावलेले, संकरित, आणि त्यांचे वाण हॉलंडच्या वाटेने आलेले. काश्मीरचे स्वतःचे रानटी ट्यूलिप वेगळे: बारीक, फिकट, बाहेरून गुलाबी पट्टा असलेले, उतारांवर आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत उगवणारे. जहांगीर बादशहा काश्मीरच्या फुलांवर एवढा लुब्ध झाला की त्याने उस्ताद मन्सूरकडून शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढून घेतली. त्यांतले लाल ट्यूलिपचे चित्र आजही अलीगढ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. बागेतले फूल आणि रानातले फूल यांत फरक सौंदर्याचा नाही, माहितीचा आहे. बाग सांगते की फूल असे दिसते. रान सांगते की ते इथेच का आहे, कुठल्या मातीत, कुणाच्या शेजारी, कुणाच्या खुराखाली. ट्यूलिपचा कंद कोरडा कडक उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतो आणि फुलण्याआधी त्याला अनेक आठवड्यांची थंडी लागते. सुरतेच्या हवेत ती मिळणार नाही, म्हणून ट्यूलिप इथे रानात उगवणार नाही. पण जमिनीखाली दबा धरून बसायची हीच युक्ती करणाऱ्या वनस्पती सुरतेपासून चार तासांच्या आत आहेत. फक्त त्या थंडीची वाट पाहत नाहीत, पावसाची पाहतात.

त्या आहेत डांगात. बिलिमोऱ्याहून वघईला जाणारा गायकवाडी काळातला नॅरोगेजचा ६३ किलोमीटरचा फाटा जिथे संपतो तिथून पुढे सागाचे, बांबूचे जंगल सुरू होते आणि सापुताऱ्यापर्यंत चढत जाते. ऑक्टोबर ते मे हे रान कोरडे, पानगळीने उघडे पडलेले, आणि वैशाखात तर करपल्यासारखे. जूनचा पाऊस दोन-तीनदा पडून गेला की जमिनीतून कोंब वर येऊ लागतात: रानहळद, मुसळी, सुरण, तेरा, कळलावी. यांतली कळलावी ट्यूलिपच्या दूरच्या नात्यातली. पूर्वी दोघींना एकाच कुळात धरत, आता कुळे वेगळी केली आहेत पण गण एकच आहे. तिचे पान नीट पाहावे. ते टोकाशी निमुळते होत जाते आणि शेवटी गोल वळून कुरळ्या तणाव्यासारखे होते. त्या टोकाने ती शेजारच्या झुडपाला धरून वर चढते. फूल उमलते ते तोंड खाली करून, आणि पाकळ्या मात्र उलट्या वर वळतात, कडांना नागमोडी. पहिल्या दिवशी देठाकडे पिवळी-हिरवी, टोकाला लाल; मग लाल रंग खाली उतरत जातो आणि काही दिवसांत अख्खी पाकळी शेंदरी-लाल होते. पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाजूला पसरलेले, आणि फलसूत्र मुळाशीच काटकोनात वाकून बाहेर निघालेले. हीच वेल ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये मेंदोनी या मल्याळी नावाने आहे. सुरतेत निजलेल्या माणसाच्या ग्रंथातली वेल डांगाच्या कुंपणांवर दर पावसाळ्यात चढते, आणि तिचा कंद इतका विषारी असतो की पोटात गेला तर जीव जाऊ शकतो.

वाटाड्या स्थानिक का हवा, हे या एकाच वेलीवरून कळते. शहरातून सोबत आलेला जाणकार तिचे कुळ सांगेल, लॅटिन नाव सांगेल, कोल्चिसीन हे द्रव्य तिच्यात असते हेही सांगेल. पण हिच्याशेजारी उगवलेली कोवळी हिरवी पाती कुलूची, म्हणजे फोडशीची, आणि ती खुडून भाजी करतात. याच जातभाईंपैकी एकीच्या मुळ्या म्हणजे सफेद मुसळी, आणि ती बी पडायच्या आधी खणली तर पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. हे सांगणारा माणूस वेगळा. तेऱ्याचे उदाहरण घ्या. तेरा म्हणजे रानअळू. डांगात आणि लगतच्या सुरगाणा-पेठ भागात कोकणा आणि इतर आदिवासी समाज आषाढात तेऱ्याचा सण करतात, आणि सण होईपर्यंत ती पाने तोंडात घालत नाहीत. कोंब वर येतात, पाने मोठी होतात, कंदाला बळ येते, आणि मगच पहिली तोडणी. वनस्पतिशास्त्राने याला संवर्धन म्हणावे. तिथे तो सण आहे. ही माहिती खिशात मावणाऱ्या कुठल्याही फुलांच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ती फुलाविषयीची नाही, फुलाभोवतीच्या माणसांच्या शिस्तीविषयीची आहे. रानफुलाला त्याच्या घरी भेटायला जायचे म्हणजे या घरातल्या माणसांकडून ऐकणे आलेच. तसे नसेल तर बागेत गेलेले बरे.

यावर पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप असा की सहल कुणीही नेली तरी पाय तेच. फुले तुडवली जातात, कंद उपटले जातात, समाजमाध्यमांवर ठिकाण फुटते आणि पुढच्या रविवारी शंभर गाड्या येतात. तेव्हा कुणीच न जाणे उत्तम. या आक्षेपाला मी हलके घेत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर नेमके हेच झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्याचे ते पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले आणि भादव्यात गर्दीचा लोंढा लोटला. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, शुल्क, आणि गावकऱ्यांच्या वनव्यवस्थापन समित्यांकडे देखरेख, असे करत करत वाट निघाली. पण कासने त्याहून मोठी एक गोष्ट शिकवली. फुले वाचवायला म्हणून पठारावर लोखंडी जाळीचे कुंपण घातले होते. गुरे आत यायची थांबली, गवत माजले, आणि बुटक्या फुलझाडांना ऊनच मिळेना. अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी तक्रार केली, आणि शेवटी ते कुंपण काढावे लागले. म्हणजे माणसाला आणि त्याच्या जनावराला पूर्ण बाहेर ठेवले की रान जसेच्या तसे राहते, ही समजूत खोटी ठरली. कुठल्या महिन्यात गुरे चढवायची हे गुराख्याला ठाऊक होते, कुंपणाला नव्हते. संख्येवर मर्यादा हवीच, आणि डांगात तर तीन हजार सोडा, एका वाटेवर एका वेळी दहा-बारांपेक्षा जास्त माणसे नकोत. पण ती मर्यादा पाळायला लावण्याचा अधिकार जवळच्या गावाला हवा, कारण फूल गेल्याचे नुकसान तिथेच होते.

दुसरा आक्षेप शहाण्या लोकांकडून येतो: गावचा माणूस नाव चुकवेल. एकाच नावाने तीन झाडे आणि एका झाडाला पाच नावे, मग सहलीला गेलेल्याने शिकायचे काय? हे खरे आहे, पण याचे उत्तर ‘हॉर्टस’च्याच कामाच्या पद्धतीत आहे. तिथे वैद्य झाड दाखवत, चित्रकार काढत, पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, आणि एका नावाशेजारी दुसऱ्या भाषेतले नाव ठेवून ताळा घेतला जाई. पुढे लिनियसने नावे ठरवली तेव्हा या ग्रंथावर भिस्त ठेवली, कारण ताळा पक्का होता. आपल्या भागाचेही ताळ्याचे साहित्य मुबलक आहे. सुरत मुंबई इलाख्यात होती तेव्हाचा थिओडोर कुकचा ‘फ्लोरा’ १९०१ ते १९०८ मध्ये निघाला, गुजरातचा गो. ल. शहांचा १९७८ मध्ये. सह्याद्रीच्या फुलांवर श्रीकांत इंगळहळ्ळीकरांची आणि कासवर डॉ. संदीप श्रोत्रींची पुस्तके मराठी घरांत पोचली आहेत. सफेद मुसळीची शास्त्रीय नोंद मुंबईत सेंट झेवियर कॉलेजच्या फादर सांतापाव यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर केली आणि तिच्या नावात बोरिवली आले. डांगी माणूस ती त्याआधी किती पिढ्या खणत होता याची नोंद नाही. तेव्हा दोन मार्गदर्शक असावेत, एक गावचा, एक अभ्यासक, आणि दोघांचे मानधन सारखे असावे. सारखे, यावर माझा आग्रह आहे. गावच्या माणसाला ‘चहापाण्याचे’ आणि शहरच्या माणसाला ‘मानधन’ असे शब्दच वेगळे वापरले की त्या सहलीचा पाया कळून येतो.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो गावाकडूनच येतो. भगताने झाडाचा गुण सांगितला आणि ऐकणाऱ्याने जाऊन त्यावर औषध काढले तर? ही शंका कल्पनेतली नाही. १९८७ साली केरळच्या अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांची एक तुकडी फिरत असताना सोबतचे कानी आदिवासी वाटाडे थकत नव्हते. ते मधूनमधून एका रोपट्याची फळे खात होते. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी ते रोपटे दाखवले. तेच आरोग्यपच्चा. त्यावरून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, एका कंपनीला परवाना दिला गेला, आणि परवान्याच्या रकमेतला निम्मा वाटा कानी लोकांच्या विश्वस्त संस्थेला मिळाला. जगभर हे लाभाच्या वाटणीचे उदाहरण म्हणून शिकवले जाते. त्यातही कुरबुरी झाल्याच: सगळ्या कानींना विचारले होते का, आणि नंतर बाहेरच्यांनी ते रोप रानातून ओरबाडले त्याचे काय. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. सारे सुरू झाले एका पायी फिरतीत, वाटाड्याने वाटेत दिलेल्या माहितीतून. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ग्रामपातळीवर समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. सहलीपुरता याचा अर्थ साधा आहे. भगत औषधाविषयी बोलायला तयार नसेल तर विचारू नये, मोबाइलवर त्याचे बोलणे त्याला न विचारता टिपू नये, आणि मुसळी-कळलावीची नेमकी जागा नकाशावर टाकू नये. नाव घ्यायचे म्हणजे मौनाचा अधिकारही मान्य करायचा.

शेवटी सोयीचा प्रश्न राहतो. पावसाळ्याचे चार महिने अभयारण्यांचे दरवाजे साधारणपणे बंद असतात आणि डांगाचे बरेच फूल नेमके तेव्हाचे. सुरतेहून निघणाऱ्या बहुतेक गाड्या म्हणून थेट सापुताऱ्याच्या तलावावर जातात, भजी-मका खातात आणि परततात. पण रानफुलाला गाभ्याचे जंगलच लागते असे नाही. शेताचे बांध, गावकुसाची कुंपणे, डोंगरी रस्त्याच्या दरडी इथेच अर्धे डांग फुललेले असते, आणि तिथे जायला लागते ती ग्रामस्थांची संमती. वनखात्याने महालला पूर्णेकाठी, वघईजवळ किलादला आणि तापी जिल्ह्यात अंबिकेकाठी पदमडुंगरीला स्थानिकांना सोबत घेऊन निसर्ग-शिबिरांची ठिकाणे उभी केली आहेतच. पावसाच्या दिवसांत तिथून निघणाऱ्या छोट्या वाटा आखणे अवघड नाही. कास किंवा तिएनशानसारखा रंगाचा गालिचा डांगात मिळणार नाही, हे आधीच सांगायला हवे. इथे एक कळलावी कुंपणावर, मग अर्धा तास नुसते हिरवे, मग दगडाच्या आडोशाला रानहळदीचे गुलाबी तुरे. हळू चालणाऱ्यालाच ते दिसते, आणि हळू चालणाऱ्याकडून तुडवलेही कमी जाते.

सुरतेतल्या मराठी माणसाला या बाबतीत एक जास्तीचा लाभ आहे, आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत राहणारी बहुसंख्य मराठी कुटुंबे धुळे, नंदुरबार, जळगावकडची. त्यांच्या घरात अहिराणी आहे. डांगी बोली मराठी, अहिराणी आणि गुजराती यांच्या शिवेवर उभी आहे. १९६० साली डांग गुजरातेत राहिले, पण बोलीने राज्याची हद्द ओलांडलेली होतीच. ॲम्स्टरडॅमहून आलेल्या माणसाला दुभाषी लागले, इट्टी अच्युदनचे शब्द दोन-तीन भाषांतून गाळून लॅटिनपर्यंत न्यावे लागले. लिंबायतच्या आजीला डांगच्या आजीशी बोलायला मधे कुणी लागत नाही. फोडशीची भाजी कशी निवडायची, तेरा उकळताना चिंच का घालायची, हे त्या दोघी परस्पर बोलतील, आणि सोबतची नातवंडे ऐकतील. सुरतेतल्या मराठी शाळांनी आणि मंडळांनी वर्षातून एक आषाढी सहल अशी काढली तर तिची सर कुठल्याही परदेशी सहलीला येणार नाही.

म्हणून पुढल्या आषाढात किंवा श्रावणात डांगाची, कासची, नाहीतर थेट तिएनशानची पुष्पसहल ठरवत असाल, तर पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढेच विचारा की तिथला वाटाड्या कोण आहे, पत्रकात त्याचे नाव छापले आहे का, आणि आमच्या पैशांतले किती त्याच्या हातात जाणार. नाव सांगता आले नाही तर पैसे भरू नका. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी वेळ काढून कतारगाम दरवाजाला जा, तो दुहेरी घुमट मुलांना दाखवा, आणि आत निजलेल्या माणसाबरोबर इट्टी अच्युदन, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ही चार नावेही त्यांना सांगा.